गळ्यातले लोढणे आणि आकाशातले कुंपण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गायीगुरांवर बोलायला बँकेतल्या कारकुनाला का उभे केले, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. तो आम्हालाही पडला. आमच्या घरात शेवटची गाय आजोबांच्या वेळी होती. तिचा गोठा आता स्कूटर ठेवायच्या कामी येतो. आम्ही शिकलो वाणिज्य शाखेत, आणि गेली वीस वर्षे काउंटरच्या आत बसून दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब लिहितो. पण मागच्या बैठकीत निघालेला विषय शेवटी हिशेबावर येऊन अडला, आणि तो हिशेब करून आणायचे काम कार्यकारिणीने आमच्या गळ्यात घातले.

विषय काय होता ते सर्वांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात आपले एक ज्येष्ठ सभासद दांडिया बाजारातून स्कूटरवरून घरी येत असताना भर रस्त्यात झुंजणाऱ्या दोन गुरांच्या मध्ये सापडले आणि खुब्याचे हाड मोडून घेऊन पडले. त्यावर बैठकीत साहजिकच संताप झाला. एका तरुण सभासदाने सांगितले की, परदेशात गायीच्या गळ्यात एक पट्टा बांधतात, मोबाइलवर बोटाने रेघ ओढतात, आणि गाय त्या रेघेबाहेर जात नाही. लगेच निवेदनाचा मसुदा झाला. त्यात एक वाक्य असे आहे की, शहरातल्या प्रत्येक गुराच्या गळ्यात असा पट्टा पशुपालकाच्या खर्चाने सक्तीने बसवावा. त्या निवेदनावर आज सह्या व्हायच्या आहेत. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, ही आमची धंद्याची सवय. म्हणून हा पट्टा म्हणजे काय, त्याचा खर्च कोणावर पडतो आणि त्याने कोणाचे हक्क हलतात, हे आम्ही जमेल तेवढे वाचून आणले आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या जुन्या घरांतून 'लोढणे' हा शब्द अजून ऐकू येतो. ओढाळ गायीच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधत, म्हणजे ती पळू लागली की तो पायात येई. हा नवा पट्टा म्हणजे विजेचे लोढणेच. पट्ट्यात उपग्रहावरून जागा ओळखणारे यंत्र असते, बॅटरी किंवा सौरपट्टी असते, आणि मोबाइलच्या जाळ्यातून किंवा माळावर उभारलेल्या मनोऱ्यातून त्याला हुकूम मिळतो. मालकाने नकाशावर रेघ आखली की ती पट्ट्याला कळते. गाय रेघेजवळ आली की आधी आवाज होतो. ती वळली तर तिथेच संपले. नाही वळली तर विजेचा छोटा झटका बसतो. चार-सहा दिवसांत बहुतेक जनावरे शिकतात की आवाजावर वळले म्हणजे झटका बसत नाही. पुढे बहुतेक वेळा नुसत्या आवाजावर काम भागते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांसाठी जमिनीत तार पुरून असे अदृश्य कुंपण १९७० च्या दशकातच निघाले. गुरांसाठी अमेरिकेच्या सरकारी कृषी संशोधकांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेने बरीच वर्षे काम केले. नॉर्वेतल्या नोफेन्स कंपनीने सुरुवात केली ती शेळ्यांपासून, कारण तिथल्या डोंगरउतारांवर खांब रोवणे महाग आणि राखणीला माणूस मिळणे त्याहून महाग. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली निघालेल्या हॉल्टर कंपनीचे पट्टे दुधाळ गायींच्या गळ्यात आहेत. पहाटे मालक अंथरुणातच असतो आणि गायी आपोआप दूध काढायच्या शेडकडे चालू लागतात. अमेरिकेतली व्हेन्स ही कंपनी २०२२ साली मर्क या बड्या औषध कंपनीने विकत घेतली. एवढ्या मोठ्या कंपन्या यात उतरतात, म्हणजे यात पैसा आहे हे बँकवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता हिशेब. कुंपणाचा खर्च कशावर अवलंबून असतो? लांबीवर. पट्ट्याचा खर्च कशावर? डोक्यांवर. सगळे अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात जमीन इतकी रुक्ष की एका गायीला चाळीस एकर लागतात असे धरू. शंभर गायींना चार हजार एकर. हा चौरस तुकडा असला तर त्याची बाजू अडीच मैल. त्याचे चार भाग करून गायी आळीपाळीने चारायच्या, म्हणजे गवताला विसावा मिळतो, तर आत अडीच-अडीच मैलांच्या दोन रेघा हव्यात, एकूण पाच मैल. तिकडे काटेरी तारेचे कुंपण मैलाला दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. दहा हजारच धरले तरी पन्नास हजार डॉलर झाले. पट्ट्याचे काय? भाडे आणि बॅटरी मिळून डोक्यामागे वर्षाला पन्नास डॉलर धरू, म्हणजे शंभर गायींचे पाच हजार, आणि मनोऱ्याचे एकदाच दहा हजार. दहा वर्षांत साठ हजार. म्हणजे चार भाग करायचे असतील तर पट्टा काही स्वस्त नाही.

पण त्याच जमिनीचे सोळा भाग करायचे म्हटले तर आत सहा रेघा लागतात. पंधरा मैल, दीड लाख डॉलर. आणि पट्ट्याचा खर्च? तोच साठ हजार. सोळाचे चौसष्ट केले तरी तोच. रोज नवी रेघ ओढली तरी तोच. म्हणजे या यंत्राने गाय अडवणे स्वस्त झाले असे म्हणण्यापेक्षा, एकदा पट्टा बांधल्यावर पुढची रेघ फुकट झाली असे म्हणणे बरोबर. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच आहे.

फुकट रेघेचे फायदे खरे आहेत, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओढ्याकाठचा नाजूक पट्टा महिनाभर बंद ठेवता येतो. वणव्याने जळालेला भाग गवत उगवेपर्यंत राखता येतो, आणि उलट सुकलेल्या गवताची एक पट्टी मुद्दाम चारून आगीची वाट अडवता येते. असे प्रयोग ऑरेगन राज्यातल्या सरकारी संशोधकांनी केले आहेत. तिकडचे प्राँगहॉर्न हरीण तारेवरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटत जाते आणि अडकते. तार काढली तर त्याला वाट मोकळी होते. सरकारी जमिनीवर पक्के कुंपण घालायचे तर परवानगी आणि पर्यावरणाची तपासणी यांत वर्ष वर्ष जाते. नकाशावरच्या रेघेला खांब नसल्याने ते पुष्कळसे टळते.

बँकेच्या खुर्चीतून पाहिले तर दुसरी बाजू दिसते. तारेचे कुंपण ही जमिनीला जोडलेली मालमत्ता. कर्जदार बुडाला तरी खांब जागेवर असतात. पट्ट्याचे मात्र वर्षाचे भाडे. हप्ता थांबला, कंपनी बंद पडली किंवा तिने भाव वाढवला, की कुंपण एका रात्रीत नाहीसे होते. तारण कशावर ठेवून घ्यायचे? शिवाय कोणाची किती गुरे कधी कुठे चरली याची रोजची नोंद कंपनीकडे जमा होते. पूर्वी सावकाराकडे फक्त सातबारा असे, आता गायीच्या पावलांचीही वही असेल.

अमेरिकेचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण कुंपणाचा धडा त्यांनी एकदा फार महागात शिकला आहे. १८७४ साली इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले. तोवर तिकडच्या अफाट माळावर कोणाचीही गुरे कुठेही चरत. तार स्वस्त निघाली तशी बड्या कंपन्यांनी स्वतःच्या जमिनीबरोबर सरकारी माळही वेढून टाकला, पाणवठे आणि वाटादेखील. लहान पशुपालक बाहेर पडले. १८८३ साली टेक्सासमध्ये रात्री टोळ्या निघून मैलोगणती तारा तोडू लागल्या, माणसेही मेली. १८८४ साली टेक्सासने तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला. १८८५ साली केंद्र सरकारने सरकारी जमिनीला बेकायदा वेढा घालण्यावर बंदी आणली. म्हणजे आधी स्वस्त यंत्र आले, मग मारामारी झाली, आणि दहा वर्षांनी कायदा आला. क्रम बहुतेक वेळा असाच असतो.

आज तिथल्या कायद्यापुढे नवा पेच आहे. पश्चिमेच्या अनेक भागांत जुना नियम असा की, ज्याला गुरे नको असतील त्याने आपल्या शेताला कुंपण घालावे. हे 'कायदेशीर कुंपण' म्हणजे काय, तर इतके खांब, इतक्या तारा, इतकी उंची, असे कायद्यात लिहिलेले. नकाशावरच्या रेघेला खांब नाही आणि तारही नाही. मग गाय रेघ ओलांडून मोटारीखाली आली तर जबाबदार कोण, मालक की पट्ट्याची कंपनी? म्हणून शहाणी माणसे हमरस्त्याच्या बाजूला खरी तार ठेवतात आणि आतल्या वाटण्यांसाठीच पट्टा वापरतात. घाबरलेली किंवा फार भुकेली गाय झटका खाऊनही पलीकडे जाते, हे ते विकणारेही मान्य करतात.

दुसरे उदाहरण लंडनजवळच्या एपिंग जंगलाचे, आणि आपल्याला तेच जास्त जवळचे वाटेल. १८७८ च्या खास कायद्याने हे जंगल वेढून विकले जाण्यापासून वाचवले आणि लोकांसाठी मोकळे ठेवले. तिथे आसपासच्या लोकांचे चराईचे जुने हक्क आहेत. लंडन शहराचे कॉर्पोरेशन या जंगलाची देखभाल करते. झुडपे माजू नयेत म्हणून तिथे लांब शिंगांच्या गायी चरायला सोडतात. आधी जमिनीत तार पुरून त्यांना आवरले, पुढे उपग्रहाचे पट्टे आले. फिरायला येणाऱ्यांना फाटक उघडावे लागत नाही आणि जंगलात खांब दिसत नाहीत. काम चांगले झाले आहे.

पण कायद्याची एक बारीक गोष्ट पाहा. इंग्लंडमध्ये सामाईक माळावर कुंपण घालायचे असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे वरून संमती घ्यावी लागते. लोकांना आपले म्हणणे मांडता येते. हा नियम खांबाला लागतो. कारण खांब दिसतो, वाट अडवतो आणि त्याला हरकत घेता येते. दिसत नाही अशा रेघेला हरकत कोण घेणार आणि कधी? एपिंगला कॉर्पोरेशन जागरूक आहे, लोकही जागरूक आहेत, म्हणून बिघडले नाही. जिथे ते नाही तिथे सामाईक गवताचा चांगला भाग एखाद्याने नकाशावर स्वतःच्या गुरांसाठी राखला, तर बाकीच्यांना गवत संपल्यावरच कळेल. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. निदान ते कुंपण दिसत तरी असे.

तिसरा प्रश्न जनावराच्या यातनेचा. जर्मनीच्या कायद्यात जनावराला विजेचा झटका देऊन वळवण्यावर मोठी बंधने आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड, टास्मानियासारख्या राज्यांनी हे पट्टे आधी चालू दिले, तर काही राज्यांत विजेच्या पट्ट्यांवरच्या जुन्या बंदीमुळे ते अनेक वर्षे अडले. एकाच देशात हद्दीच्या अलीकडे गाय कायदेशीर आणि पलीकडे बेकायदा, असा प्रकार. इंग्लंडच्या पशुकल्याण समितीने २०२२ साली यावर सविस्तर अभिप्राय दिला. समर्थक म्हणतात की पट्ट्याचा झटका विजेच्या तारेच्या झटक्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, आणि ते खरे आहे. विरोधक म्हणतात की तार गायीला डोळ्यांनी दिसते, रेघ दिसत नाही, आणि रेघ मालकाच्या लहरीने रोज हलते. तेही खरे आहे. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यात अनावश्यक वेदना देणे गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर पन्नास रुपये होता. पट्ट्याचा झटका आवश्यक की अनावश्यक, याचे उत्तर त्यात स्पष्ट लिहिलेले नाही. सक्ती करण्यापूर्वी ते लिहून घ्यावे लागेल.

आता घराकडे वळू. हे सगळे आपल्याकडे लागू होते का?

पहिले उत्तर हिशेबाचे. लांबी विरुद्ध डोकी, हे सूत्र आठवा. पट्टा तिथे परवडतो जिथे जमीन अफाट, जनावरे विरळ आणि मजुरी महाग. आपल्याकडे तिन्ही गोष्टी उलट्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सरासरी शेतजमीन १.०८ हेक्टर. २०१९ च्या पशुगणनेत गोवंश १९ कोटींच्या वर, आणि त्याशिवाय मोकाट गुरे सुमारे ५० लाख. आपल्या शहरातल्या एखाद्या भरवाडाकडे बारा गुरे आहेत असे समजा. पट्टा १५ हजार रुपयांना पडेल असे धरू. हा आमचा अंदाज आहे, बाजारभाव नव्हे. बारा गुरांचे १ लाख ८० हजार झाले. किसान क्रेडिट कार्डाची सोय आता पशुपालकांनाही आहे, आणि त्यात २ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजाची सवलत मिळते. म्हणजे ते सगळे कर्ज पट्ट्यातच गेले. वैरण, पेंड आणि औषध कशावर आणायचे? आणि पट्टा दूध वाढवत नाही. जे कर्ज उत्पन्न वाढवत नाही ते फिटत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो.

दुसरे उत्तर यंत्राचे. उपग्रहाची जागा मोकळ्या माळावर काही मीटर इकडे-तिकडे होते, तिथे ते चालते. रावपुऱ्यातल्या किंवा मांडवीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले, आणि गल्लीच मुळी काही मीटरची. तिथे गाय ओट्याशी उभी आहे की रस्त्याच्या मध्यावर, हे पट्ट्याला नेमके कळणार कसे? पळणाऱ्या रिक्षांमध्ये गायीला झटका बसला तर ती आत वळेल की उधळेल? आपल्या ज्येष्ठ सभासदांवर जी दोन गुरे आली ती झुंजत होती. झुंजणाऱ्या बैलाला कानाशी वाजलेली शिटी थांबवील, अशी हमी कोणी देत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. रेघ ओढायची तर रेघेच्या आत काय आहे? नोफेन्सच्या शेळीला रेघेच्या आत डोंगर आहे. हॉल्टरच्या गायीला रेघेच्या आत हिरवे कुरण आहे. आपल्या शहरातल्या गायीला रेघेच्या आत काय देणार? शहर वाढले, आजूबाजूची गावे त्यात आली, त्यांची गौचरे कुठे गेली? काही ठिकाणी वसाहती झाल्या, काही ठिकाणी सरकारी इमारती आणि काही ठिकाणी नुसती अतिक्रमणे. हे केवळ गुजरातेत नाही, महाराष्ट्रातल्या गायरानांचीही तीच कथा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याची योजना करा असे सर्व राज्यांना सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क, भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईसुद्धा, स्पष्ट लिहिलेला आहे. कागद आहेत, पण गवत नाही. गवत नसलेल्या जागी पट्टा बांधला तर ते कुंपण न राहता कोंडवाडा होतो.

कोंडवाडा आपल्याला नवा नाही. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्याने गुरांच्या अतिक्रमणाची व्यवस्था लावली. पिकात शिरलेले गुरू धरावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावे. म्हणजे इकडे गुरे आवरण्याची जबाबदारी गुरांच्या मालकावरच होती. तत्त्व वाईट नव्हते. पण ते तत्त्व पेलता येत होते, कारण गावाला गायरान होते आणि गायरानावर गुराखी होता. जबाबदारीला जागेचा आधार होता. जागा काढून घेतली आणि जबाबदारी तेवढी ठेवली, तर त्याला आम्ही हिशेबाच्या भाषेत ताळा न जुळणे म्हणतो.

कच्छच्या बन्नीत आजही दिसते की पट्ट्यावाचूनही रेघ पाळता येते. तिथल्या मालधारींच्या म्हशी संध्याकाळी निघतात, रात्रभर माळावर चरतात आणि सकाळी दूध द्यायला आपणहून घरी येतात. कित्येक पिढ्यांची ही सवय. पण तिथे माळ शिल्लक आहे, आणि तो शिल्लक राहावा म्हणून त्यांनाही न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले.

२०२२ साली आपल्या राज्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. शहरी भागातल्या गुरांवर नियंत्रणाचा कायदा विधानसभेने मंजूर केला. परवाना, बिल्ला, दंड आणि तुरुंगाचीही तरतूद. मालधारी समाज रस्त्यावर आला, राज्यपालांनी विधेयक परत पाठवले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. त्याच ऑगस्टमध्ये कडीच्या तिरंगा यात्रेत एका माजी उपमुख्यमंत्र्यांना गायीने पाडले आणि त्यांच्या पायाला इजा झाली. म्हणजे त्रास खरा आहे, तो मोठ्यांनाही चुकत नाही. पण ज्याच्यावर कायदा लादायचा त्याला न विचारता केलेला कायदा सहा महिनेही टिकला नाही, हेही खरे आहे. आता आपण निवेदन देऊन तोच कायदा गळ्यातल्या पट्ट्याच्या रूपाने परत मागतो आहोत. बळी तो कान पिळी, असे त्याचे रूप होईल.

थोडे आमच्याबद्दल सांगतो. आमच्या घरी जे दूध येते ते तिसऱ्या पिढीपासून एकाच भरवाड कुटुंबाकडून येते. त्याच्या बापाला आमच्या आजोबांनी वाड्यामागची रिकामी जागा गुरे बांधायला दिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही भावांनी ती जागा बिल्डरला दिली. वाटणीचे पैसे झाले, तक्रार नाही. पण त्या दिवसापासून त्याची गुरे रस्त्यावर आहेत. ती रस्त्यावर का, असे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे, पण उत्तराचा एक भाग आमच्याच खरेदीखतात आहे. या सभेतल्या पुष्कळ जुन्या घरांचे असेच असेल. ते दूध आमच्या चहात असते, त्या गायी आमच्या रस्त्यात असतात, आणि पट्ट्याचे बिल मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर लिहायचे, हे आम्हाला जमाखर्चात बसवता येत नाही.

मग काहीच करू नये का? तसे आम्ही म्हणत नाही. हाड मोडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकवून चालत नाही. निवेदन द्यावे, आणि कडक द्यावे. पण सक्तीचे ते वाक्य खोडावे आणि त्या जागी चार गोष्टी घालाव्यात.

एक, शहरात आलेल्या गावांची गौचरे किती होती, आज किती आहेत आणि बाकीची कोणाच्या ताब्यात आहेत, याची यादी महानगरपालिकेने जाहीर करावी. दोन, जी जागा सुटेल तिथे गोठ्यांची वसाहत करावी, पाणी आणि वैरणीच्या सोयीसकट, आणि तिथे जाण्यासाठी पशुपालकांना बरोबर घेऊन मुदत ठरवावी. त्या मुदतीनंतर रस्त्यावर गाय दिसली तर दंड जरूर करावा. गायीच्या कानातला बारा आकडी बिल्ला त्यासाठी पुरेसा आहे. गाय मेली तर विम्यासाठी आमच्यासमोर तोच बिल्ला येतो. ज्या बिल्ल्यावर विमा मिळतो त्याच बिल्ल्यावर दंडही वसूल होऊ शकतो, नवे यंत्र लागत नाही.

तीन, पट्ट्याचा प्रयोग करायचाच असेल तर तो शहराबाहेरच्या मोकळ्या कुरणावर, एखाद्या पांजरापोळाच्या जमिनीवर, सरकारी खर्चाने आणि पशुवैद्यांच्या देखरेखीखाली करावा. आकडे जाहीर करावेत. परवडले आणि जनावराला त्रास झाला नाही, तर पुढे पाहू. आणि सामाईक जमिनीवर जी रेघ ओढली जाईल ती आधी चावडीवर लावावी, तिला हरकत घेता यावी, आणि गुरांच्या फिरण्याची नोंद गुरांच्या मालकाची राहावी. दिसत नाही त्या कुंपणाला दिसणारा कागद हवा. चार, रस्त्यावरच्या गुरांमुळे जखमी होणाऱ्यांना भरपाई आणि दवाखान्याचा खर्च मिळावा, आणि तो अर्ज कुठे करायचा हे लिहून लावावे. आपल्या सभासदांना या चौथ्या मुद्द्याचा उपयोग सर्वांत आधी होईल.

परवा आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. निवेदनाचे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "पट्टा बांधल्यावर गायी उभ्या कुठे करणार?" आमच्या सगळ्या वाचनाचा निचोड त्या प्रश्नात आला. निवेदनात त्याचे उत्तर आले, तर पहिली सही आमची.

दुरुस्त मसुदा टेबलावर ठेवला आहे, चहापूर्वी वाचून घ्यावा.